खंडेनवमीला निघून गेलेली गाडी

नव्या मोटारसायकलीचे पहिले तेल काढताना शिवशरण मिस्त्री इंजिनाखाली एनॅमलचे पांढरे ताट ठेवीत असे. तेल गळून झाले की तो ते ताट दोन्ही हातांनी उचलून उन्हात नेई आणि गाडीच्या मालकाला हाक मारी. काळसर तेलात चांदीच्या भुकटीसारखे बारीक कण चमकत असत.

"ही झीज बघा," तो म्हणे. "नवं लोखंड एकमेकाला घासून जागा करतंय. ही कणं आत फिरत ऱ्हायली तर इंजिन खात्यात. म्हणून पहिली सर्व्हिसिंग चुकवायची न्हाय."

त्याच्या मानाने हे बोलणे पुष्कळ होते. एरवी तो दिवसभरात दहा वाक्ये बोलला तरी आम्हाला नवल वाटे. तो मूळचा गडहिंग्लजच्या पलीकडचा. त्याच्या घरी कानडी बोलत आणि बाजारात मराठी. वयाच्या सोळाव्या वर्षी तो कोल्हापुरात आला आणि उद्यमनगरातील हंबीररावांच्या सर्व्हिसिंगच्या कारखान्यात लागला. मी केरबा, त्याच कारखान्यात चौदा वर्षे गाड्या धुण्याचे काम केले. तो मला मामा म्हणत असे, कारण मी वयाने बारा वर्षांनी मोठा होतो. प्रौढांच्या वर्गात आम्हाला एका माणसाविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा मी त्याच्याविषयी लिहावयाचे ठरविले. पुढील हकिकत मी स्वतः पाहिली आहे. तीत माझाही दोष आहे, आणि तो मी जागच्या जागी लिहीन.

शिवशरणच्या कामाच्या दोन रीती येथे सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की तो तेल घाईने काढीत नसे. तळाचा नट सोडला की गाडी डावीकडे कलती करून अर्धा तास तशीच ठेवी. हंबीरराव ओरडत, "आरं, दहा मिंटात गळतंय की समदं! देवाला तेल घालायला बसलाईस काय?" तरी शेवटचा थेंब पडेपर्यंत नट परत बसत नसे. दुसरी रीत अशी, की काम अपुरे असलेल्या गाडीच्या सीटवर तो खडूने फुली मारी. ती फुली त्याच्याशिवाय कोणी पुसावयाची नाही, असा आमच्यात नियम होता. मला त्या काळी अक्षर येत नव्हते, पण फुलीचा अर्थ मला पक्का ठाऊक होता.

सन १९९८ च्या खंडेनवमीची ही गोष्ट आहे.

त्या दिवशी आमच्याकडे सकाळी अकराच्या आत सर्व पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोडे, पंप, तेलाची मापे असे एकूण एक हत्यार धुऊन पूजेला मांडत असत. एकदा हत्यारे पूजेला बसली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोने लुटेपर्यंत त्यांना हात लावावयाचा नाही. ही शिस्त हंबीररावांच्या आई पाळून घेत. त्यांना सगळे आक्का म्हणत. हंबीरराव कोणालाही भीत नसत, परंतु आक्कांना भीत असत.

साडेनऊच्या सुमारास गडमुडशिंगीचा शशिधर नावाचा तरुण पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी घेऊन आला. गाडी त्याने गणेश चतुर्थीला घेतली होती. मीटरवर सहाशे बारा किलोमीटर होते. मागे त्याची पत्नी विद्याश्री एका बाजूला पाय सोडून बसलेली होती. तिला सातवा महिना चालू होता. तिने हिरवी इरकल साडी नेसली होती. ती सावकाश उतरली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"मिस्त्री, आजच करून द्या," शशिधर म्हणाला. "हिला इचलकरंजीला माहेरी सोडायची हाय. पहिल्या बाळंतपणाला. सर्व्हिसिंग झाल्याबिगर एवढ्या लांब न्यायचं माझ्या जिवावर येतंय."

"आज खंडेनवमी हाय, पावणं," हंबीरराव म्हणाले. "अकराला हत्यारं बसणार. उद्या पण बंद. परवा या."

"परवा माझी कागलला पहिली पाळी हाय. रजा न्हाय."

हंबीररावांनी शिवशरणकडे पाहिले. शिवशरणने विद्याश्रीकडे पाहिले. त्याने गाडी स्टँडवर चढवली आणि तळाशी ताट ठेवले.

मी गाडीची मागची बाजू धुण्यास घेतली. मडगार्डावर आणि सायलेन्सरवर डांबराचे ताजे थेंब चिकटले होते. मी चिंधी रॉकेलमध्ये भिजवून ते काढू लागलो, तेव्हा विद्याश्री नाकाला पदर लावून नवऱ्याला म्हणाली, "उचगावच्या रस्त्याला डांबर टाकाय लागल्यात हे म्हाईत असून तिकडनंच आणलासा. त्या वासानं माझ्या पोटात अजून ढवळतंय. जाताना मी त्या वाटंनं येणार न्हाय, आत्ताच सांगतो."

"मुडशिंगीवरनं हुपरी, हुपरीवरनं इचलकरंजी. जवळ पडतंय की गं."

"जवळचं तुम्ही एकटं जावा. मी यष्टीनं जातो."

कोल्हापूरकडील बायका असेच 'जातो, येतो' म्हणतात. शशिधर हसला.

तेल गळण्यास लावून शिवशरणने बाकीची कामे उरकली. साखळी आवळली, ब्रेक पाहिले, टॅपेटची, म्हणजे झडपांवरची, फट तपासली. साडेदहाला आक्का मोठे ताट घेऊन बाहेर आल्या. भटजी लवकर आले होते. त्यांना पुढे आणखी चार ठिकाणी पूजा सांगावयाच्या होत्या.

"शिवशरण, दे हिकडं समदी हत्यारं. भटजी खोळंबल्यात."

"आक्का, अर्धा तास."

"अर्धा तास काय मुहूर्त तुझ्यासाठी थांबतोय? तू हेड मिस्त्री. तू पूजेला बसल्याबिगर सुरू व्हायची न्हाय."

शिवशरणने तळाचा नट बसवून घट्ट केला. नट आवळल्यावरच त्याने हातातला पाना दिला. नव्या तेलाचा डबा भिंतीजवळ ठेवला होता. तेल मोजण्याचे माप आणि नरसाळे आक्कांनी उचलून ताटात टाकले. शिवशरणने खिशातला खडू काढला, सीटवर मोठी फुली मारली आणि हात धुऊन पूजेला गेला.

आता माझा दोष लिहितो. आक्का जाताना मला म्हणाल्या, "केरबा, दारातल्या समद्या गाड्या पुसून घे, आणि हार घाल. धुळीची गाडी पुजायची व्हय?" दारात नऊ गाड्या ओळीने उभ्या होत्या. मी ओली चिंधी घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पुसत गेलो. मान वर करून पाहिले नाही. शशिधरच्या गाडीची सीटही मी पुसली. ती फुली माझ्या हाताखालून गेली. मग मी तिच्या हँडलला झेंडूचा हार बांधला. आमच्याकडे त्या दिवशी हार घातलेली गाडी म्हणजे तयार गाडी असे समजत.

दहा मिनिटांनी हंबीरराव पूजेतून उठून बाहेर आले, कारण शशिधर दोनदा आत डोकावला होता. त्यांनी हार पाहिला. त्यांनी गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पुस्तिकेवर 'काम पूर्ण' असा शिक्का मारला, कूपन फाडून घेतले आणि किल्ली दिली. "चाळीसच्या वर पळवू नका पावणं, हजार किलोमीटर होईस्तोवर," असेही बजावले. शशिधरने गाडी बाहेर घेतली. विद्याश्री सावरून बसली. मी स्वतः तिची पिशवी तिच्या मांडीवर दिली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

पूजा संपली. प्रसाद वाटला गेला. शिवशरण हातात प्रसादाचा द्रोण घेऊन बाहेर आला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"मामा, मुडशिंगीची गाडी कुठाय?"

"गेली की. पंधरा-वीस मिंटं झाली."

तो भिंतीजवळ गेला. तेलाचा डबा तेथेच होता. त्याने तो उचलून मला दाखवला. झाकणाचे सील तसेच होते.

मला प्रथम काही समजले नाही. मग समजले. त्या गाडीच्या इंजिनात तेल नव्हते. अर्धा तास कलती ठेवून शिवशरणने शेवटचा थेंबसुद्धा काढला होता. दुसऱ्या कोणी घाईने काढले असते तर आत थोडे तरी उरले असते. अशी गाडी चालत राहिली तर आतले लोखंड तापून फुगते आणि इंजिन धरते, म्हणजे एकाएकी जाम होते. त्याबरोबर मागचे चाकही फिरावयाचे थांबते. मागे गरोदर बाई एका बाजूला पाय सोडून बसली होती.

"फुली मी पुसली," मी म्हणालो.

शिवशरणने ते ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. तो हंबीररावांच्या स्कूटरकडे धावला. स्कूटर पूजेच्या अगदी पुढे उभी होती. तिच्यापुढे नुकताच नारळ फोडला होता.

"आरं, हात लावू नगो!" आक्का ओरडल्या. "पुजल्याली गाडी हाय ती! सोनं लुटल्याबिगर..."

"आक्का, माणसं पडत्याली. पोटुशी बाई हाय."

आक्कांनी क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग त्यांनी देवापुढची किल्ली उचलून त्याच्याकडे फेकली. "मग हुबा काय ऱ्हायलाईस, मुडद्या? पळ की!"

हंबीरराव स्कूटरच्या आडवे आले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "शिवशरण, ऐक. गाठ पडली तर गुपचूप तेल वत आणि ये. हार वाकडा झालता, नट बघायचा ऱ्हायलाय, काय बी सांग. खरं बोलायचं न्हाय. माझा शिक्का हाय त्या पुस्तकावर. कंपनीच्या माणसाला कळलं तर माझी एजन्सी जाईल. आणि त्याच्या आधी तू जाशील."

शिवशरणने स्कूटर सुरू केली. मी तेलाचा डबा मांडीवर घेऊन मागे बसलो.

चौकात त्याने ब्रेक दाबला. "कुठल्या वाटंनं गेला असंल? मुडशिंगीवरनं हुपरी, का शिरोलीवरनं हातकणंगलं?"

दोन्ही रस्ते इचलकरंजीला जातात. चुकीच्या रस्त्याला लागलो तर परत फिरेपर्यंत सगळे होऊन गेले असते. मला रॉकेलचा वास आठवला. "शिरोली," मी म्हणालो. "बाई डांबराच्या वाटंनं जाणार न्हाय म्हणत होती."

"नक्की?"

"बाई म्हणाली म्हणजे नक्की."

खंडेनवमीच्या दिवशी कोल्हापुरातून बाहेर पडणे सोपे नसते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग आणि उसाच्या मोळ्या लागलेल्या होत्या. ट्रक, रिक्षा, एसटी, ट्रॅक्टर, ज्याला त्याला हार. ज्या गाडीला आम्ही शोधत होतो तिचीही खूण हारच होती, आणि त्या दिवशी ती खूण प्रत्येक गाडीवर होती. मी हिरवी साडी शोधू लागलो. पंचगंगेच्या पुलावर एक हिरवी साडी दिसली. शिवशरणने स्कूटर आडवी घातली.

"काय ओ पावणं, डोळं फुटल्यात काय?" गाडीवाला उसळला. मागे बसलेली बाई म्हातारी होती.

"चुकलं, चुकलं," मी म्हणालो, पण तोवर आम्ही पुढे गेलो होतो.

"मामा, किती किलोमीटर झालं असंल त्यांचं?"

"मी काय सांगू?"

"तेलाबिगर नवं इंजिन दहा किलोमीटर वढतंय. लई झालं तर बारा. तो सावकाश चालवत असंल तर..." पुढचे वाऱ्यात ऐकू आले नाही. नंतर माझ्या लक्षात आले की तो कानडीत काहीतरी पुटपुटत होता.

शिरोलीचा नाका मागे पडला. हातकणंगल्याच्या रस्त्याला वळून दोन किलोमीटर गेलो असू, तोच पुढे रस्त्यात माणसांचा घोळका दिसला. सगळे खाली वाकलेले होते. शिवशरणने स्कूटर थांबवली. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले होते, पण तो उतरेना.

"तुम्ही बघून या, मामा."

मी डबा त्याच्याकडे दिला आणि चालत गेलो. ते तीस पावलांचे अंतर मला अजून आठवते. घोळक्यात शिरलो. झेंडूचा एक टेम्पो उलटला होता. माणसे फुले गोळा करीत होती, काही जण स्वतःच्या पिशवीत. चालक कपाळाला हात लावून बसला होता, परंतु त्याला लागले नव्हते. मी मागे वळून हात हलवला. शिवशरणने एकदा डोळे मिटले आणि स्कूटर पुढे आणली.

हेरले गावाच्या अलीकडे, चहाच्या टपरीजवळच्या चिंचेखाली ती गाडी उभी होती. हार हँडलला होता. मीटरवर सहाशे तेवीस. म्हणजे ती अकरा किलोमीटर तेलाशिवाय आली होती.

शशिधर आणि विद्याश्री पंधरा पावलांवर टपरीच्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. ती लिंबू सरबत पीत होती. तिला मळमळ झाली म्हणून त्याने गाडी थांबवली होती, हे पुढे कळले.

शिवशरणने इंजिनाजवळ तळहात नेला आणि झटकन मागे घेतला. करपल्याचा वास येत होता. त्याने तेल पाहण्याची काडी फिरवून बाहेर काढली. ती कोरडी होती. टोकाला काळा डाग होता आणि तो बोटाने पुसला जात नव्हता.

मी डब्याचे सील फोडले. "वत लौकर," मी हळूच म्हणालो. "त्यांचं लक्ष न्हाय. वतू आणि जाऊ. बाई सुखरूप हाय, आणखी काय पायजे?"

मी हे बोललो. ते मी झाकून ठेवीत नाही. मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती, आणि त्याच्या नोकरीचीही. त्याला दोन मुली होत्या आणि भाड्याची खोली होती.

शिवशरण काडी हातात घेऊन उभा होता. त्याच्या मनात काय चालले होते ते मी सांगू शकत नाही. मी इतकेच पाहिले, की त्याने एकदा डब्याकडे पाहिले आणि एकदा बाकाकडे. मग तो काडी तशीच हातात धरून बाकाकडे चालू लागला.

"कोण? मिस्त्री?" शशिधर उठला. "तुम्ही हिकडं कसं काय?"

"गाडीत तेल न्हाय."

"पेट्रोल? आत्ताच भरलंय की."

"इंजिनात. जुनं काढलं, नवं घातलं न्हाय. माझ्याकडनं ऱ्हायलं."

शशिधरने शिवशरणची कॉलर धरली. "ऱ्हायलं? भाजीत मीठ ऱ्हायलं म्हणतोस तसं ऱ्हायलं? शिक्का मारून दिलासा की! काम पूर्ण म्हणून!"

"फुली मी पुसली, पावणं," मी मध्ये गेलो. "आणि हार मी घातला."

"हार घातलासा म्हणून सत्कार करू काय तुमचा? सरका बाजूला!"

शिवशरण कॉलर सोडवून घेण्याचा प्रयत्न करीत नव्हता. विद्याश्री ग्लास खाली ठेवून उठली. तिने नवऱ्याचा हात धरला नाही. ती शिवशरणसमोर येऊन उभी राहिली.

"तेल नसलं तर काय होतंय?"

"इंजिन धरतंय."

"धरलं तर काय होतंय?"

"मागलं चाक हाय त्या जाग्याला थांबतंय."

"आणि मी?"

शिवशरणने तिच्याकडे पाहून उत्तर दिले. "पडली असतीस, तंगी."

धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात. ती इचलकरंजीच्या लिंगायताची मुलगी, तिला तो शब्द कळला. ती पोटावर हात ठेवून पुन्हा बाकावर बसली. शशिधरची मूठ सुटली.

रस्त्याने हार घातलेल्या गाड्या जात होत्या. शेवटी शशिधर म्हणाला, "आम्ही पाठ करून बसलतो. गपचिप वतून गेला असतासा तर मला कळलं बी नसतं."

"आज चालली असती," शिवशरण म्हणाला. "आत वरखडे उठल्यात. दोन-चार महिन्यांनी एखाद्या चढाला धरली असती. तवा मागं कोण बसलेलं असतं, मला ठाव न्हाय."

"मग आता?"

"आता चालवायची न्हाय. खोलून बघितली पायजे. पुस्तक द्या."

शशिधरने बाजूच्या खणातून पुस्तिका काढून दिली. शिवशरणने टपरीवाल्याकडून पेन मागून घेतले आणि हंबीररावांच्या शिक्क्याखाली लिहिले. त्याचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. तो सावकाश लिहीत असे. मला वाचता येत नाही हे त्याला माहीत होते, म्हणून त्याने लिहिलेले मोठ्याने वाचले:

"पहिल्या सर्व्हिसिंगला जुने तेल काढून नवे भरले नाही. गाडी ६१२ पासून ६२३ किलोमीटरपर्यंत तेलाशिवाय चालली आहे. इंजिन खोलून दुरुस्त केल्याशिवाय चालवू नये. चूक माझी आहे. शिवशरण, हेड मिस्त्री."

"माझं नाव पण घाल," मी म्हणालो.

"तुम्ही गाड्या धुता, मामा. इंजिन माझ्याकडं असतंय."

विद्याश्री आणि शशिधर एसटीने इचलकरंजीला गेले. एसटीत चढताना तिने मागे वळून गाडीकडे पाहिले, आमच्याकडे नाही. शिवशरणने इंजिनात नवे तेल ओतले, तरीही गाडी सुरू केली नाही. उलटलेला झेंडूचा टेम्पो तोवर सरळ उभा राहिला होता. तोच टेम्पो बोलावून त्यात गाडी चढवून आम्ही कोल्हापूरला आणली.

हंबीररावांनी पुस्तिका वाचली. ते ओरडले नाहीत, त्यामुळे मला अधिक भीती वाटली. "हे पान फाडून टाकू काय?" त्यांनी विचारले.

"त्यानं वाचलंय," शिवशरण म्हणाला.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

आक्का देवापुढे बसलेल्या होत्या. त्यांनी मुलाला विचारले, "बाई बरी हाय न्हवं?" आणि पुन्हा वाती वळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोने लुटून झाले. त्याच रात्री शिवशरणने पूजेतील हत्यारांवरची फुले बाजूला केली आणि पहिले इंजिन तेच खोलले. पिस्टनवर उभे वरखडे उठले होते, अंगावर मांजराने ओरबाडावे तसे. हंबीररावांनी नवा पिस्टन आणि सिलिंडर बसवून गाडी घरपोच दिली. एजन्सी गेली नाही. परंतु कंपनीच्या माणसाला उत्तर द्यावे लागले, आणि ते उत्तर असे दिले गेले, की संबंधित मिस्त्रीला कामावरून बाजूला केले आहे.

ते खोटे नव्हते. शिवशरणला काढून टाकले नाही, पण त्याच्याकडून पाने काढून घेतले. तो माझ्याबरोबर गाड्या धुऊ लागला. ज्यांना त्याने काम शिकविले होते, ते त्याच्यासमोर घाईने तेल काढीत आणि घाईने नट बसवीत. तो पाहत असे आणि पाण्याची नळी दुसरीकडे वळवीत असे. एकदा मी म्हणालो, "आपण दोघं मिळून मालकाशी बोलू. फुली मी पुसलेली." तो म्हणाला, "मामा, सीटकडं बघून मी गेलो. डब्याकडं बघून जायाला पायजे होतं." याखेरीज त्या विषयावर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

जानेवारी संपता संपता, एका सकाळी शशिधर दुसऱ्या सर्व्हिसिंगला आला. त्याने गाडी दारात लावली आणि पुस्तिका हंबीररावांपुढे ठेवली. खंडेनवमीच्या दिवशीचे ते पान वरच उघडे होते.

"ज्यानं हे लिहिलंय, त्यानंच खोलायची."

हंबीरराव म्हणाले, "पावणं, तो आता धुवायला असतोय. आमच्याकडं दुसरं हेड मिस्त्री हाईत, लई हुशार."

"असत्याल की. मग माझी गाडी धुवायच्या रांगेत लावतो."

आणि त्याने खरोखरच गाडी ढकलत आणून आमच्या नळासमोर उभी केली, आणि किल्ली शिवशरणच्या ओल्या हातात दिली. दारातले तीन-चार गाडीवाले पाहत होते. त्यांतील एकाने विचारले, "काय भानगड हाय?" शशिधरने पुस्तिका त्याच्याकडे दिली. त्याने वाचली आणि पुढच्याकडे दिली. हंबीरराव काही वेळ उभे राहिले. मग आत जाऊन पान्यांची पेटी घेऊन आले आणि कोणाकडे न पाहता ती नळाजवळ ठेवून गेले.

शिवशरणने हात पुसले. पेटी उघडली नाही.

"तंगी कशी हाय?" त्याने विचारले.

"बरी हाय. पोरगी झाली, डिसेंबरात." शशिधरने हँडलवरची धूळ बोटाने पुसली. "माहेरासनं आली गेल्या आठवड्यात. यष्टीनं आली. गाडीवर माझ्या मागं अजून बसत न्हाय ती."

शिवशरणने मान हलवली. त्याने गाडी स्टँडवर चढवली, पेटीतून पाना काढला आणि इंजिनापाशी खाली बसला.